गावातल्या दिवंगत माजी सैनिकांच्या आठवणीसाठी कोणता दिवस ठेवावा आणि त्या दिवशी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले होते, गेल्या वर्षी वारले, आणि त्यांच्या बरोबरीचे गावातले मिलिटरीवालेही एकेक करून जाताहेत. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यावर. या सगळ्यांसाठी वर्षातला एक दिवस राखायचा आहे. मी नौदलातला पेन्शनर, देवगड तालुक्यात राहतो. आमच्याकडे असा दिवस होतो, म्हणून उत्तर देतो.

तारखेचं आधी उरकू, कारण बहुतेक गावांत बैठक तिथेच मोडते. सरकारी तारखा भरपूर आहेत. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून चालू आहे, पण तो मुख्यतः निधी गोळा करायचा दिवस. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्या तारखेला निवृत्त झाले म्हणून तो निवडला. दिवस चांगला, पण नेमकी संक्रांत. हळदीकुंकवाच्या दिवसांत विधवा बाईला घराघरांतून अजून जी वागणूक मिळते ती बघता, तेव्हाच तिला चारचौघांत नवऱ्याच्या फोटोला हार घालायला बोलवावं असं मला वाटत नाही. २६ जुलैचा कारगिल विजय दिन शाळेला सोयीचा, पण आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस, कुणाची लावणी अजून आटपायची असते, होड्या वर ओढलेल्या. कार्यक्रम शाळेच्या वर्गात कोंबावा लागतो.

आम्ही ९ डिसेंबर धरला. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याचा नौदल दिन सगळ्या देशाला माहीत आहे. २०२३ साली तो आमच्या जिल्ह्यात तारकर्लीला झाला तेव्हा केवढी गर्दी लोटली होती! त्या हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी, ९ तारखेच्या रात्री, दीवजवळ हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आपली आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बोटीबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून उतरले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला त्यांचं स्मारक आहे. जिंकल्याची तारीख लोकांच्या लक्षात राहते, गेलेल्यांची राहत नाही, हे आम्हा बोटीवरच्यांना फार लागतं. म्हणून ही तारीख.

तुमच्यासाठी मात्र मी ४ फेब्रुवारी सुचवेन. १६७० साली कोंढाणा घेतला त्याची आठवण म्हणून मराठा लाइट इन्फन्ट्री त्या दिवशी मराठा दिन पाळते. तुमच्या वडिलांनी नोकरीत असताना तो पाळला असणारच. थंडी असते, आंब्याची काढणी लागायला अवकाश असतो, माणसं थोडी मोकळी असतात. आणखी एक गोष्ट याच सुमाराला येते. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, माघ शुद्ध अष्टमीला, भीष्माष्टमी असते. भीष्मांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी कुणीही त्यांना तर्पण करतं. ज्या योद्ध्याला पाणी द्यायला घरचं कुणी नाही त्याला सगळ्यांनी द्यायचं, ही सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेली आहे. पितृपक्षातल्या तर्पणातही आईवडिलांच्या कुळानंतर गुरू आणि मित्र यांच्या नावाने तीळपाणी सोडतात. म्हणजे मित्राची आठवण हा काही पलटणीतून आलेला साहेबी प्रकार नव्हे. २०२५ साली तर रथसप्तमी बरोबर ४ फेब्रुवारीलाच आली होती.

कुणीतरी नक्की म्हणेल की गणपतीत करा, तेव्हा चाकरमानी असतात. करू नका. आरती, भजन आणि परतीच्या गाडीचं तिकीट यांच्यामध्ये मेलेल्या माणसाला दहा मिनिटं मिळतात. माणसं कमी आली तर येऊ देत.

आता खरं काम. ते म्हणजे यादी.

आपल्या भागातल्या काही गावांत इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर बसवलेले दगड अजून आहेत. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडे कोरले, नावं नाहीत. शंभर वर्षांनी तो दगड वाचून कुणाच्या नातवाला काय कळणार? उलट मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं आहेत. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशांचं ते स्मारक आहे. रत्नागिरीकडची माणसं तेव्हाही बोटींवर होती. मुंबईला गेलात तर बघून या.

नाव कुठपर्यंत पोचतं याचं उदाहरण रायगड जिल्ह्यातलंच आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, तुमच्या वडिलांच्याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तायबर नदीच्या खोऱ्यात, मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून गेले आणि तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या गावाने एवढं केलं, तर आपण आपल्या वाडीतली नावं तरी गोळा करू.

यादीत कोण असावं यावर वाद होणार. आमच्याकडे झाला. लढाईत गेले तेवढेच घ्या, असं काहींचं म्हणणं होतं. मी तेव्हाही विरोधात होतो आणि आजही आहे. लढाईत पडलेल्यांची नोंद सरकार ठेवतं, चौकाला नावं देतं. पण पंधरा-वीस वर्षं नोकरी करून, पेन्शन घेऊन गावी आलेला, कलमं लावणारा, ग्रामपंचायतीत भांडणारा आणि शेवटी शुगरने किंवा हार्ट अटॅकने जिल्हा रुग्णालयात गेलेला माणूस कुणाच्याच नोंदीत नसतो. आपल्या गावांत बहुतेक सगळे असेच जातात. तुमचे वडीलही, तुमच्या लिहिण्यावरून, याच रांगेतले. त्यांना घ्याच. कोस्ट गार्डचा, बीएसएफचा माणूस असेल तर तोही. मर्चंट नेव्हीतले आपल्या व्याख्येत बसत नाहीत, पण किनाऱ्यावरच्या गावात त्यांना वगळणं मला तरी जमलं नाही. आम्ही त्यांची नावं शेवटी घेतो आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: हुद्दा, पलटण किंवा बोट, आणि गावातल्या लोकांना तो ज्यासाठी आठवतो ती एक गोष्ट. तिसरी सर्वांत महत्त्वाची. आमच्या यादीत एकापुढे फक्त ‘विहिरीचा पंप फुकट दुरुस्त करून द्यायचा’ एवढंच आहे. ते वाचलं की माणसं हसतात आणि मग दोघंतिघं त्याच्याबद्दल बोलायला लागतात. भाषणापेक्षा हे फार बरं. पुढाऱ्यांना बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, पण माईक देऊ नका.

कार्यक्रम लहान ठेवा. यादी वाचायची, दोन मिनिटं उभं राहायचं, फुलं वाहायची. बिगुल वाजवणारा मिळत नाही आणि डीजेच्या भोंग्यावर लास्ट पोस्ट, म्हणजे श्रद्धांजलीची बिगुलाची धून, लावली तर ऐकवत नाही, त्यापेक्षा शांतता पुरे. गावात मुसलमान आणि ख्रिस्ती माजी सैनिक असतील, आपल्या किनाऱ्यावर असतातच, तर कार्यक्रमात धार्मिक विधी घालू नका. ज्याने त्याने पितरांना नैवेद्याची वाडी दाखवावी, फातिहा पढावा, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावावी. तो घरचा भाग. सगळ्यांचा दिवस सगळ्यांना उभं राहता येईल असा हवा.

फुलं समुद्रात सोडायची असतील तर पुष्पचक्र बाजारातून आणू नका. त्यात थर्माकोल आणि तार असते, ती दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी जाळ्यात येते आणि तो मेलेल्या सैनिकासकट तुम्हाला शिव्या घालतो. केळीच्या सोपावर झेंडू बांधा. ते पाण्यात कुजून जातं.

तिरंग्याबाबत एक सांभाळा. फोटोवर किंवा टेबलावर झेंडा पांघरू नका. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी अंत्यविधी सोडून तो कशावरही पांघरायला ध्वजसंहितेत मनाई आहे. ग्रामपंचायतीचा झेंडा आपल्या मनाने अर्ध्यावर उतरवायचाही नसतो. उत्साही पोरं हे दोन्ही करतात.

फोटोपुढे कॅन्टीनच्या रमचा पेग ठेवायचा की नाही, हाही प्रश्न तुमच्याकडे येईल. आमच्याकडे एकाने नाक मुरडलं. त्यावर दुसरा म्हणाला, राखणदार देवाक कोंबो नि दारू चालता, मगे सुबेदाराक कित्याक नाय? विषय मिटला. पेग ठेवतात.

सगळं झाल्यावर आम्ही दोघंतिघं मिळून ज्या घरी बाई एकटी आहे तिथे जातो. एक वहिनी दर वेळी म्हणतात, “भावजी, ह्यांचा नाव मोठ्यान घेतलास, आता चाय घेवन जावा.” चहा होईपर्यंत कागद बघायचे. त्यांच्याकडेच आम्हाला कळलं की पेन्शनच्या आदेशात त्यांचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. नवरा हयात असताना हे दुरुस्त करणं सोपं होतं. नंतर फॅमिली पेन्शन कित्येक महिने अडकली, आणि वहिनी तेवढे दिवस काजूच्या पैशांवर निभावत होत्या. आता आम्ही प्रत्येक घरी नाव, जन्मतारीख, बँकेचं खातं आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला एवढं तपासतोच. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जातो.

वडिलांचं डिस्चार्ज बुक शोधा, त्यात पलटण आणि नोकरीची वर्षं मिळतील, यादीची सुरुवात त्यावरून करा. आणि आई हयात असतील तर पीपीओवरचं, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचं, त्यांचं नाव आधारशी जुळतं का ते याच आठवड्यात बघा. कार्यक्रम फेब्रुवारीत आहे, त्याला वेळ आहे.