मुलगी सारखी दमलेली आणि चिडलेली असते, हा शरीराचा त्रास समजायचा की मनाचा?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग बराच वेळ झोपच लागली नाही. मुलगी नववीत, पंधरावं लागलंय, वर्षभरापासून सारखी दमलेली, काही बोललं की अंगावर येते, डान्सचा क्लास सोडला, मार्क घसरले, आणि घरात तीन तोंडं तीन दिशेला, तुम्ही म्हणताय डॉक्टरकडे नेऊ, मिस्टर म्हणतात समुपदेशकाकडे आणि सासूबाई म्हणतात मोबाईल काढून घ्या, सगळं सुतासारखं सरळ होईल. आधी शरीर बघायचं की मन, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, दोन्ही एकाच आठवड्यात बघा, एकाचा निकाल लागेपर्यंत दुसरं अडकवून ठेवू नका. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात राहणारी एक आई आहे, माझी धाकटी आता १९ वर्षांची आहे आणि आम्ही हे सगळं भोगलंय.

धाकटी खो-खो खेळायची, शाळेच्या टीममध्ये होती आणि पळतीला चांगली होती. नववीत असताना ती दोन मिनिटांत बाद व्हायला लागली, सरांनी दोनदा समजावलं आणि मग बाराच्या टीममधून नाव काढलं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली की मला कंटाळा आलाय खेळायचा. आम्ही विश्वास ठेवला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि ती रोज दुसऱ्या मजल्यावर बुटाची लेस बांधायला थांबायची. मी पुढे निघून जायचे, वर जाऊन ओरडायचे की चल ना लवकर. एक दिवस तिच्या पायात चपला होत्या, तरी ती त्याच पायरीवर वाकली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की पोरीला दम लागतोय आणि तो ती लपवतेय.

हिमोग्लोबिन निघालं ८.१. या वयाच्या मुलीचं निदान १२ तरी पाहिजे. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवून तिला एकटीला पाळीबद्दल विचारलं तेव्हा कळलं की तिची पाळी आठ-आठ दिवस चालायची, रात्री उठून पॅड बदलावं लागायचं, आणि हे सगळ्यांचंच असं असतं असं समजून ती दोन वर्षं गप्प होती. मी तिची आई, एकाच घरात, एकच बाथरूम, आणि मला हे माहीत नव्हतं. याचं वाईट अजून वाटतं.

आता हे तुमच्या मुलीचं असेलच असं नाही, पण आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की पहिली टेस्ट हीच करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं, सापडला, मुलांमध्येही शंभरातले ३१, आणि आपल्या महाराष्ट्रातही मुलींचा आकडा निम्म्याच्या वर आहे. शाळेत आठवड्याला ती लोहाची निळी गोळी देतात ती खरंच चांगली गोष्ट आहे, पण ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते, एकदा कमी झालं की त्यावर तेवढी गोळी पुरत नाही. शिवाय मुली ती खातातच असं नाही, आमची मळमळतं म्हणून दप्तरात ठेवायची.

आणि ताई, रक्त कमी असलं की नुसतं अंग गळत नाही. मेंदूत डोपामाइन, सेरोटोनिन अशी जी रसायनं तयार होतात, ज्यांच्यावर आपला मूड, उत्साह, लक्ष लागणं हे सगळं चालतं, ती तयार व्हायला लोह लागतं. म्हणजे ज्याला आपण नखरे म्हणतो, आळस म्हणतो, तोंड वर करून बोलणं म्हणतो, त्यातलं काही खरोखर रक्तातून आलेलं असू शकतं. थायरॉइड, बी-१२ यांचंही तसंच, त्याही टेस्ट डॉक्टरांना विचारून करून घ्या, आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन पण, म्हणजे अंगात साठलेलं लोह किती ते सांगणारी टेस्ट, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठ्यातलं लोह संपत आलेलं असू शकतं.

पण इथपर्यंत वाचून गोळ्या सुरू केल्या म्हणजे झालं असं समजू नका. आमची खरी गोष्ट इथून पुढे आहे.

तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ झालं, जिना ती एका दमात चढायला लागली, मी पेढे वाटायच्या बेतात होते, आणि पोरगी मात्र होती तशीच. खोलीचं दार बंद, जेवायला हाक मारली की भूक नाही, सोमवारी सकाळी पोट दुखायचं, शनिवारी संध्याकाळी दुखायचं नाही. मी तर चिडले, म्हटलं आता काय कारण आहे तुला. डॉक्टरबाईंनीच मग समुपदेशक ताईंकडे पाठवलं. त्यांनी आम्हाला एक फॉर्म दिला, पेड्स-क्यूएल म्हणतात त्याला, तेवीस प्रश्न असतात, चालताना-पळताना त्रास होतो का, भीती वाटते का, दुसरी मुलं कशी वागतात, वर्गात लक्ष लागतं का, असं सगळं, आणि गेल्या महिन्याभरात तो त्रास किती वेळा झाला त्यावर खूण करायची, आणि खासियत अशी की मुलाने वेगळा भरायचा आणि आईबापांनी वेगळा, एकमेकांचा न बघता. मी शाळेच्या भागात ‘जवळजवळ नेहमी’वर खुणा केल्या आणि मैत्रिणींच्या भागात ‘कधीच नाही’वर, कारण मला वाटायचं तिच्या मैत्रिणी छान आहेत. तिने नेमक्या मैत्रिणींच्या सगळ्या प्रश्नांना ‘जवळजवळ नेहमी’ केलं होतं. दोन कागद शेजारी ठेवले होते टेबलावर आणि मला रडू आवरेना.

झालं असं होतं की टीममधून नाव गेलं तेव्हा तिच्या पाच मैत्रिणी पण गेल्या, त्यांचा डबा मैदानावर, त्यांचा ग्रुप वेगळा, त्यांच्या बोलण्यात मॅचेस, आणि ही मधल्या सुट्टीत वर्गात एकटी बसायची. म्हणजे सुरुवात रक्ताने झाली, पण रक्ताने जे हिरावून नेलं ते रक्त भरलं म्हणून आपोआप परत आलं नाही. शरीर बिघडलं, त्याने खेळ गेला, खेळाबरोबर माणसं गेली, माणसं गेल्यावर मन खचलं आणि मन खचल्यावर जेवण आणि झोप गेली, की पुन्हा शरीर. या वयात ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हणजे काय असतं ते मला त्या टेबलावर कळलं, सकाळी उठून कुठेतरी जावंसं वाटणं आणि तिथे आपली कोणीतरी वाट बघत असणं. मार्क त्याच्या बरेच नंतर येतात.

आणखी एक, नैराश्य म्हटलं की आपल्याला रडणारं पोर डोळ्यासमोर येतं, पण या वयात ते पुष्कळदा चिडचिड होऊनच बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात आठ-नऊ जण. त्यामुळे समुपदेशकाकडे नेलं म्हणजे पोर वेडं ठरलं असं घरात कोणी म्हणत असेल तर हा आकडा सांगा.

झोपेचं थोडक्यात सांगते. वयात आल्यावर मेंदूचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं, त्यामुळे रात्री साडेदहाला झोप येत नाही हे नाटक नसतं, आणि गरज मात्र ८ ते १० तासांची असते. पहाटे सहाचा क्लास लावून वर आळशी म्हणणं हा अन्याय आहे. सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, मला मनापासून वाटतं की त्याची जास्त गरज आठवी-नववी-दहावीच्या पोरांना आहे. आम्ही तिचा सकाळचा क्लास बंद करून संध्याकाळचा घेतला, दोन आठवड्यांत फरक दिसला. मोबाईल रात्री हॉलमध्ये ठेवायचा ठरवलं, पण सगळ्यांचे, माझा आणि ह्यांचा पण. फक्त तिचाच काढून घेतला असता तर उरल्या-सुरल्या ओळखी पण तुटल्या असत्या, म्हणून सासूबाईंचं ऐकून एकदम जप्ती आणू नका.

खो-खोच्या टीममध्ये ती परत गेली नाही. समुपदेशक ताईंनी घाई केली नाही, सरांशी बोलून तिला आधी ज्युनिअर मुलींच्या प्रॅक्टिसला गुण लिहायला बसवलं, मग हळूहळू ती त्यांच्याबरोबर धावायला लागली, आणि त्यातल्या दोघी आजही घरी येतात. गोळ्या हिमोग्लोबिन वर आल्यावरही डॉक्टरांनी आणखी तीन महिने चालू ठेवल्या, साठा भरायला. जेवणाबरोबर चहा बंद केला कारण चहाने लोह अंगी लागत नाही, आणि पालेभाजीवर लिंबू.

पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, चौकशी करा. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. आणि मुलगी कधी मरणाबद्दल, नकोसं झाल्याबद्दल बोलली किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तिला एकटं सोडू नका.

तुमचा प्रश्न मी धाकटीला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या काकूंना सांग की तिला विचारा, पण समोर बसवून विचारू नका, गाडीवर मागे बसवून कुठेतरी लांब न्या आणि जाताजाता विचारा, तोंड दिसत नसलं की बोलता येतं.