सांधा, सांधेवाला आणि शंटिंग

प्रश्न असा: जुन्या डिझेल इंजिनांवरच्या लेखात 'सांधेवाल्याने सांधा बदलला आणि इंजिनाने शंटिंग केले' असे वाक्य आहे. सांधा म्हणजे जोड, मग तो बदलतात कसा? आणि शंटिंगला 'सांधेबदल' म्हणावे का?

'सांधा' रेल्वेत दोन अर्थांनी चालतो. पहिला साधा: रुळाला रूळ जोडतात ती जागा, दोन बाजूंना दोन जोडपट्ट्या आणि चार बोल्ट. 13 मीटरच्या जुन्या रुळांवरचा खडखडाट याच सांध्यांचा. बदलतात तो दुसरा, एका मार्गातून दुसरा फुटतो तिथला, म्हणजे पॉइंट. तिथे निमुळत्या टोकाचे दोन रूळ आडव्या दांडीने एकमेकांना बांधलेले असतात. सांधेवाला वजन लावलेला खटका उलटा टाकतो, दोन्ही टोके एकदम सरकतात. एक शेजारच्या रुळाला चिकटते, दुसरे सुटते. ब्रॉडगेजवर ही सरक साधारण 115 मिलिमीटर, जेमतेम अर्धी वीत! मध्ये खडीचा एक खडा अडकला तरी टोक नीट मिटत नाही, चाकाची कड फटीत शिरते आणि डबा घसरतो.

उलट दिशेने, म्हणजे फुटलेल्या मार्गाकडून येणारे इंजिन दुसऱ्याच मार्गाला लावलेल्या सांध्यातून गेले, तर चाकेच टोक ढकलून वाट काढतात. बहुधा काही पडत नाही, पण दांडी वाकते आणि टोक अर्धवट उघडे राहते. अशा वेळी इंजिन तसेच मागे घेणे ही सगळ्यात घातक चूक, कारण आता तेच टोक चाकांच्या समोर येते.

शंटिंग वेगळे. डबे जोडणे, काढणे, या लाइनीवरून त्या लाइनीवर लावणे, हे सगळे त्यात येते. एकाच लाइनीवर डबे जोडताना सांध्याला हातही लागत नाही, म्हणून 'सांधेबदल' चुकीचा, 'शंटिंग'च ठेवावे. चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यातल्या डब्ल्यूडीएस-4 या डिझेल इंजिनाच्या नावातला 'एस' शंटिंगचाच. सहाही चाके बाजूच्या दांड्यांनी जोडलेली, थेट वाफेच्या इंजिनासारखी. जुन्या 'लूज शंटिंग'मध्ये न जोडलेल्या डब्याला इंजिन धक्का देऊन थांबे आणि डबा एकटाच पुढे जाई. त्यासाठी 'डबा ढकलून सोडणे' हे सरळ मराठी पुरते.

'सांधेवाला' हा फार नेमका शब्द, पण रोजच्या वापरातून गेला. 2021 साली वांगणी स्थानकात रुळांवर पडलेल्या मुलाला वाचवणाऱ्या मयूर शेळके यांच्या बातम्यांतही 'पॉइंट्समन'च होता. खटक्याच्या काळाबद्दल लिहिताना मात्र सांधेवालाच लिहावा.