कॉलेज म्हणतं नाव दिसत नाही, पोर्टल म्हणतं कॉलेजकडे पेंडिंग: आधी कोड बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली. मुलगी इंदूरला बी.एस्सी. प्रथम वर्षाला, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरून दोन महिने झाले, स्टेटस अजून ‘पेंडिंग अ‍ॅट इन्स्टिट्यूट’. कॉलेजातले बाबू म्हणतात आमच्या यादीत हिचं नावच नाही, आणि ज्या दुकानातून फॉर्म भरला तो म्हणतो थांबा, होऊन जाईल. थांबू नका. ह्याच ‘होऊन जाईल’वर विसंबल्यामुळे आमच्या घरात एक शिष्यवृत्ती बुडाली आहे. म्हणून पात्रता, कागदपत्रं वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच असं धरून आधी हेच लिहितो.

कॉलेजच्या लॉगिनमध्ये नाव नाही आणि पोर्टल मात्र कॉलेजची वाट बघतंय, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर बहुधा अर्थ हाच: अर्ज दुसऱ्याच कुणाच्या लॉगिनमध्ये जाऊन पडलाय. इंदुरात हे फार होतं. पोर्टलवरच्या उच्च शिक्षणाच्या प्रत्येक संस्थेला एक आयशे कोड असतो, म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात तिला मिळालेला क्रमांक. ‘यू’ने सुरू होणारा कोड विद्यापीठाचा, ‘सी’ने सुरू होणारा कॉलेजचा. प्रवेशाच्या कागदांवर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं नाव ठळक असतं, त्यामुळे फॉर्म भरणारा यादीत तेच नाव शोधतो आणि निवडून मोकळा होतो. मुलगी खंडवा रोडवर विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात शिकत असेल तर ते बरोबर. संलग्न कॉलेजात शिकत असेल तर साफ चूक. मग तो अर्ज विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्यासमोर (अर्ज तपासून पुढे पाठवणारा माणूस) येतो. तिथे ह्या मुलीला कोणी ओळखत नाही, मग पुढे तरी कोण पाठवणार? दुसरा प्रकार म्हणजे एकाच ट्रस्टची तीन-चार कॉलेजं, नावं जवळपास सारखी, कोड वेगवेगळे.

अर्जाच्या प्रिंटवर संस्थेचं नाव आणि कोड छापलेला असतो. तो कॉलेजच्या ऑफिसात विचारून ताडून बघा. जुळला नाही आणि विद्यार्थ्यांची शेवटची तारीख अजून गेलेली नसेल, तर अर्ज मागे घ्यायची सोय आहे. मागे घ्या आणि नव्यानं भरा, एका दिवसात काम होतं. तारीख उलटली असेल तर ज्या संस्थेकडे अर्ज पडलाय तिथल्या आणि राज्याच्या नोडल अधिकाऱ्याला लेखी कळवा, शिवाय पोर्टलवर तक्रार टाका. पण खोटी आशा दाखवत नाही, तारखेनंतर दाद मिळेलच असं नाही.

कोड जुळत असेल तर अडचण कॉलेजच्या बाजूची. दर कॉलेजचा एक नोडल अधिकारी असतो. त्याचं आणि प्राचार्यांचं आधारवर बायोमेट्रिक प्रमाणीकरण झालेलं लागतं. ह्या दोघांपैकी कुणाची बदली झाली किंवा कुणी निवृत्त झालं की सगळ्या कॉलेजची यादी अडकते. दुसरी शक्यता, मुलीचा कोर्स कॉलेजच्या प्रोफाइलमध्ये जोडलेलाच नसतो. म्हणून खिडकीवर ‘माझ्या फॉर्मचं काय झालं’ असं विचारू नका, त्याला ‘बघतो’ हेच उत्तर मिळतं. विचारायचं असं: नोडल अधिकारी कोण, ह्या वर्षीचं प्रमाणीकरण झालं का, आणि लॉगिनमध्ये ह्या अर्जाचा क्रमांक टाकल्यावर काय दिसतं.

आणि जाताना हात हलवत जाऊ नका. अर्जाची प्रिंट, बारावीची मार्कशीट, फीची पावती, आय प्रमाणपत्र (उत्पन्नाचा दाखला), मूल निवासी (अधिवासाचा दाखला), आधार, पासबुकचं पहिलं पान, ह्या सगळ्याचे दोन संच. एक द्यायचा, दुसऱ्यावर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का द्यायला कुरकुरतात, तरी घ्यायचाच. नंतर ‘तुम्ही कागदच दिले नव्हते’ हे ऐकावं लागतं, आणि तेव्हा आपल्या हातात काही नसतं. ज्या ऑफिसनं आम्हाला तीन खिडक्या फिरवून शेवटी हेच ऐकवलं त्याचं नाव लिहीत नाही. आता तिथली माणसंही बदलली असतील. चीड मात्र तशीच आहे.

एवढा जीव का काढतोय ते सांगतो. केंद्राच्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या योजनेत (पीएम-यूएसपी म्हणतात ती) नवा अर्ज फक्त प्रथम वर्षाला चालतो, पुढे दरवर्षी नूतनीकरण. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दर वर्षी १२,००० रुपये, इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला चौथ्या वर्षी २०,०००. म्हणजे प्रथम वर्षाचा अर्ज हुकला की तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला ३६,००० आणि बी.टेक.ला ५६,००० गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा भरू, ही सोय नाही. बाबूंच्या दृष्टीनं तो एक पेंडिंग फॉर्म, बाकी काही नाही.

आणखी एक तारीख लोक विसरतात. विद्यार्थ्याची शेवटची तारीख वेगळी आणि कॉलेजच्या सत्यापनाची वेगळी, बहुधा पंधरवड्यानं पुढची. त्या मधल्या काळात कॉलेजनं अर्ज ‘डिफेक्टिव’ करून परत पाठवला तर दुरुस्ती आपल्यालाच करून पुन्हा सबमिट करायचं असतं. हे कळणार एसएमएसनं. आता सांगा, फॉर्ममध्ये मोबाइल नंबर कुणाचा आहे? भंवरकुआंपासून राजवाड्यापर्यंत कितीतरी दुकानवाले घाईत स्वतःचाच नंबर टाकतात, ओटीपी पटकन मिळावा म्हणून. मेसेज त्याच्या फोनवर येतात आणि दिवसाकाठी पन्नास पोरांचे फॉर्म भरणारा माणूस ते वाचत बसत नाही. नंबर मुलीचाच हवा, निदान तुमचा. स्टेटस दर चार दिवसांनी स्वतः बघा.

आता आपल्या मराठी घरांची खास भानगड. आधार काढताना आपण सवयीनं मधे वडिलांचं नाव घालतो, कधी आडनाव आधी लिहितो. मध्यप्रदेश बोर्डाच्या मार्कशीटवर विद्यार्थ्याचं नाव वेगळं आणि वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. मग आधारवर ‘सानिका प्रशांत दीक्षित’, मार्कशीटवर ‘सानिका दीक्षित’ आणि समग्रवर (मध्यप्रदेशची कुटुंब-ओळखीची नोंदणी) दीक्षितचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. मशीनला ही तीन माणसं वाटतात. माझं मत, दहावी-बारावीच्या मार्कशीटवरचं नाव पक्कं धरावं आणि आधार, समग्र, बँक ह्यांना त्याच्या मागे आणावं. मार्कशीट बदलायला गेलात तर वर्ष जाईल. समग्रचं ई-केवायसीही आत्ताच उरका, राज्याच्या योजनांना ते लागतंच.

बँकेचं थोडक्यात. खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे फिरवणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत ‘सीडेड’ असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे आधारच्या मागे जातात, म्हणजे शेवटी जे खातं सीड झालं तिथे, मग तुम्ही पासबुक कुठलंही जोडा. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ते बघा. शाळेत असताना उघडलेलं मायनर खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नवी सही आणि केवायसी द्यावी लागते, नाहीतर व्यवहार थांबतात. दोन वर्षं हात न लावलेलं खातंही निष्क्रिय होतं. आणि खातं ‘स्मॉल अकाउंट’ प्रकारचं (अपुऱ्या कागदांवर उघडलेलं) असेल तर वर्षाची एकूण जमा १ लाखावर जात नाही.

तुम्ही विचारलंय, दोन ठिकाणी भरलं तर? भरता येतं, पण घेता एकच येते. केंद्राची १२,००० वाली घेताना राज्याची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी चालत नाही. मुख्यमंत्री मेधावी योजनेत (मध्यप्रदेश बोर्ड ७० टक्के, सीबीएसई ८५ टक्के) फी सरकार भरतं (खाजगी इंजिनिअरिंगला दीड लाखापर्यंतच), मेसचा खर्च आणि कॉशन मनी सोडून. म्हणून हिशेब सरळ आहे. खाजगी इंजिनिअरिंगची जबर फी असेल तर मेधावी, सरकारी कॉलेजातली बी.एस्सी. असेल आणि वर्षाची फी १२,००० च्या खाली असेल तर केंद्राची. आणि केंद्राच्या योजनेतली ‘८० पर्सेंटाइल’ची अट म्हणजे ८० टक्के गुण नव्हे, आपल्या शाखेतल्या ८० टक्के पास मुलांच्या वर असणं! बोर्ड शाखेनुसार कटऑफ ठरवतं, तो बघा. उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. मेधावीची उत्पन्न मर्यादा मात्र वाढलेली आहे, चालू सूचना वाचूनच भरा. मैत्रिणी बी.टेक.ला असतील तर त्यांना प्रगती शिष्यवृत्ती सांगा: एआयसीटीई-मान्य (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) कॉलेज, मुलींसाठी, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना.

(पुण्याला गेलेल्या इंदुरी पोरांसाठी: महाडीबीटीवर (महाराष्ट्र सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) वेळ घालवू नका, तिथे महाराष्ट्राचा अधिवास लागतो. केंद्राची योजना मात्र चालते, बोर्ड आपलं आणि संस्था पुण्याची, कोड नीट निवडून.)

इंटर्नशिपबद्दल. पीएम इंटर्नशिपचा जो मेसेज तुम्हाला आलाय तो प्रथम वर्षासाठी नाही. २०२४ च्या मूळ नियमांत वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिकणारे बाद. ‘नोंदणी फी’, ‘सर्टिफिकेटचे पैसे’ मागणारी प्रत्येक इंटर्नशिप माझ्या मते सोडून द्यावी. लोक वाद घालतील, पण ज्याला आपल्याकडून काम हवंय तो पैसे कशाला मागेल? प्रथम वर्षाला बाहेर धावण्यापेक्षा स्वतःच्या प्राध्यापकांकडे उन्हाळ्यात सहा आठवडे प्रयोगशाळेत काम मागणं जास्त उपयोगाचं. इन्स्पायरची शिष्यवृत्ती (मूलभूत विज्ञान, बोर्डात वरच्या १ टक्क्यात असेल तर) मिळवणाऱ्यांना असाच उन्हाळी प्रोजेक्ट करावा लागतो. वर्षाच्या ८०,००० पैकी २०,००० त्या प्रोजेक्टचे असतात. मुलगी त्या टक्क्यात बसत असेल तर यंदाची जाहिरात आलीय का बघा. काम झाल्यावर तारखा, एकूण तास आणि मार्गदर्शकाची सही असलेलं पत्र त्याच आठवड्यात घ्या. परीक्षेनंतर सर सापडत नाहीत.

राज्याच्या योजनेबद्दल तक्रार असेल तर १८१ वर (मध्यप्रदेशची सीएम हेल्पलाइन) करा. फोन येईल, ‘समाधान झालं म्हणा, दोन दिवसांत करून देतो.’ म्हणू नका. काम झाल्याशिवाय तक्रार बंद होऊ द्यायची नाही.

मी कुठल्या खात्यात नाही आणि नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा भरण्याआधी एकदा पोर्टलवर ताडून बघा. आधी तो कोड बघा आणि ‘यू’ आहे की ‘सी’ ते इथेच लिहा. विद्यार्थ्यांची तारीख अजून उघडी असेल तर आज संध्याकाळीच अर्ज मागे घेता येईल.