बोट लावण्याआधी सांग, काय होईल?

सुट्टी लागली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा वास बदलतो. एरवी पाढे, शुद्धलेखन, डबा न खाणं. मे महिन्यात मात्र मोबाइल, मोबाइल आणि मोबाइल. या खेपेला बहुतेकांनी मुलांच्या ऑनलाइन विज्ञानखेळांबद्दल विचारलंय. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची काही या पडद्यांच्या सोबतीने. तेवढ्या जोरावर सांगते.

प्रश्न : बाई, माझा मुलगा तिसरीत आहे. मी काजूच्या कारखान्यात जाते. सुट्टीच्या दिवशी घरी असले की तो दुपारभर माझ्या मोबाइलवर सायन्सचा गेम खेळतो. विचारलं तर म्हणतो, "शिकतोय." मला इंग्रजी वाचता येत नाही. तो शिकतोय की मला बनवतोय, हे कसं ओळखू?
– एक आई, दापोली तालुका

उत्तर : ताई, बनवत असेलही, आणि आपण बनवतोय हे त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. टाळ्या वाजल्या, तारे मिळाले, पुढची पायरी उघडली, यावरून काही कळत नाही. सगळीकडे बोटं लावत गेलं तरी पुढची पायरी उघडतेच.

तुम्हाला इंग्रजी लागणार नाही. त्याच्या शेजारी बसा आणि तो बोट लावणार इतक्यात हात धरून विचारा, "थांब. आता काय होईल?" त्याने काही सांगितलं, अगदी चुकीचं सांगितलं, तरी डोकं चालू आहे. "अगं दाबून बघूया ना" म्हणाला, तर फक्त बोट चालू आहे. मग नियम करा: आधी अंदाज सांगायचा, जमल्यास वहीत लिहायचा, मगच दाबायचं.

माझा नातू पनवेलला असतो, दुसरीत आहे. गेल्या मे महिन्यात त्याला मी 'फेट' (PhET) या वेबसाइटवरचा सर्किटचा, म्हणजे विजेच्या जोडणीचा, खेळ दिला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने असे बरेच खेळ केलेत. कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली ते काम सुरू केलं. पैसे पडत नाहीत, आणि बरेचसे खेळ मराठीतही आहेत. पडद्यावर सेल, बल्ब, वायरी असतात, हव्या तशा जोडायच्या. नातवाने काय करावं? वायर घेतली आणि सेलच्या एका टोकापासून थेट दुसऱ्या टोकाला लावली. सेलने पेट घेतला. पडद्यावरच हो. त्याला इतकी मजा वाटली की त्याने अकरा वेळा सेल पेटवला. मी मोजत होते, बोलले नाही. बाराव्या वेळी हात धरला. "का पेटतोय रे?" बराच वेळ गेला. मग म्हणाला, "आजी, मध्ये बल्बच नाहीये ना."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला आणखी तासभर मोबाइल दिला असता. पण दिला नाही. जुन्या विजेरीतला बल्ब, एक सेल आणि वायरीचे दोन तुकडे घेऊन पडवीत बसलो. पडद्यावर होतं तस्संच जोडलं. बल्ब ढिम्म. "तुझी वायर खराब आहे," असा निकाल लागला. वायर ठीक होती. पडद्यावरच्या वायरीला सोलावं लागत नाही, घरच्या वायरीवर प्लॅस्टिकचं साल असतं, ते त्या खेळाने त्याला सांगितलंच नव्हतं. टोकं सोलली, बल्ब लागला. मग मध्ये स्टीलचा चमचा घालून झाला, लागला. माडाचा हीर, नाही लागला. कोकमाचं वाळकं साल, नाही. दिवेलागणीपर्यंत घरात सोडलं म्हणून काही नाही.

ताई, दोन गोष्टी मात्र दटावून सांगा. खऱ्या सेलची दोन टोकं नुसत्या वायरीने जोडून धरायची नाहीत, वायर आणि सेल चांगलेच तापतात. आणि भिंतीतल्या प्लगच्या वाटेला अजिबात जायचं नाही.

प्रश्न : एक कंपनी आठ हजारांत वर्षभराचा ऑनलाइन सायन्स कोर्स देते. घ्यावा का? मुलगी दुसरीत.
– एक बाबा, चिपळूण

उत्तर : नको. वर सांगितलेले खेळ फुकट आहेत. नासाचं 'स्पेस प्लेस' हे संकेतस्थळ १९९८पासून मुलांसाठी चालू आहे, तेही फुकट. ते इंग्रजीत आहे, म्हणून शेजारी बसून मराठीत सांगायचं काम तुमचं. आठ हजार भरले की ते काम सुटेल असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

प्रश्न : बाई, मी खाडीपलीकडच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं. देणगीतून एक टीव्ही आणि एक लॅपटॉप मिळालाय, पण रेंज शाळेमागच्या सड्यावर चढल्याशिवाय येत नाही. ऑनलाइन प्रयोग कसे करून घेऊ?
– एक शिक्षक, राजापूर तालुका

उत्तर : गुरुजी, रेंज नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. फेटचे खेळ उतरवून ठेवता येतात आणि मग इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर चालतात. तालुक्याला मीटिंगला जाल तेव्हा पाच-सहा उतरवून आणा. जास्त नको. एकोणीस मुलांना एकच पडदा आहे हेही बरंच आहे. एकेकाला एकेक दिला की वर्ग मुका होतो.

मी वर्गाच्या मध्ये खडूची रेघ मारायची. उजवीकडे 'तरंगेल', डावीकडे 'बुडेल'. पडद्यावर ठोकळा पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाने कुठल्या तरी बाजूला उभं राहायचं, रेघेवर कोणी नाही. उभं राहिलं की भांडणं होतात, आणि भांडताना कारणं द्यावी लागतात. पहिलीतली पोरं मोठ्या भावाच्या मागे जातात, त्यांना आधी उभं करा.

यात मीही एकदा तोंडावर आपटलेय. मुलांना व्हिडिओ दाखवला होता: साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. समुद्र शाळेपासून हाकेवर, म्हटलं खरं पाणी आणूया. दोन पोरांनी कळशी भरून आणली. शेजारच्या घरातलं ताजं गावठी अंडं घेतलं. सगळा वर्ग 'तरंगेल'च्या बाजूला, एकटी एक मुलगी 'बुडेल'कडे, आणि तीसुद्धा मैत्रिणीशी कट्टी होती म्हणून. अंडं सोडलं. गेलं तळाला.

मला घाम फुटला. मी आधी करून पाहिलंच नव्हतं. व्हिडिओ खोटा नव्हता, पण त्यातल्या मिठाचं प्रमाण आमच्यातल्या कोणीच विचारलं नव्हतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ताजं अंडं वर यायला त्याच्या तिप्पट-चौपट लागतं. मग खडेमीठ मागवलं आणि मूठ मूठ घालत गेलो, दर मुठीला ढवळायचं आणि पुन्हा रेघेच्या कुठल्या बाजूला ते ठरवायचं. अंडं आधी उभं राहिलं, मग तळ सोडला, मग टोक पाण्याबाहेर. कट्टीवालीने पुढचे आठ दिवस वर्गावर राज्य केलं.

तुम्ही खाडीवर आहात. मे महिन्यातलं खाडीचं पाणी आणि श्रावणातलं खाडीचं पाणी, दोन्हींत किती किती मुठी लागतात ते मुलांकडून नोंदवून घ्या. हा प्रयोग तुम्हाला कुठल्याही साइटवर मिळणार नाही.

प्रश्न : मी चाळीस वर्षं होडीवर काढली. नातू चौथीत. त्याने मोबाइलवर चंद्र फिरवून भरती दाखवली. मी म्हटलं, आमचं गणित सोपं, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. तो हसला, म्हणाला, "आजोबा, ते सायन्स नाही." खरं कोणाचं?
– एक आजोबा, हर्णै

उत्तर : काका, नातवाला हे पत्र मोठ्याने वाचायला लावा.

बाळा, आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. म्हणजे भरती रोज पाऊण तास पुढे. आता तुझ्या मोबाइलमधला चंद्र बघ. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात. म्हणून एका भरतीपासून दुसरी साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि दुसऱ्या दिवशीची भरती पन्नास मिनिटं उशिरा. आजोबांची पंचेचाळीस, तुझी पन्नास. घड्याळ न वापरता होडी सोडणाऱ्यांनी हे गणित केलंय. हसण्यासारखं काय आहे त्यात?

आणि काका, नातवाच्या खेळातही खोट आहे, पण ती तुमच्या बाजूने नाही. त्या चित्रात बहुतेक वेळा पृथ्वीभोवती नुसतं पाणी दाखवतात, जमीन नसतेच. त्यामुळे चंद्र एकच असताना आपल्याकडे उधाणाला पाणी दोन-तीन मीटर चढतं आणि खंभातच्या आखातात दहा मीटरच्या आसपास, हे त्या चित्रातून कळत नाही. ते आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, आत शिरलेलं पाणी वर चढण्यावाचून करणार काय! तुमची पाऊणपटही रोज तंतोतंत जुळत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती रोज थोडी कमी सरकते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं तेव्हा, जास्त. हे तुम्हाला हाताने ठाऊक असेल, त्याला ठाऊक नाही.

तर जेटीजवळ खूण केलेली काठी रोवा. पंधरा दिवस, वहीत तीन रकाने: आजोबांची वेळ, मोबाइलची वेळ, काठीवर दिसलेली वेळ. पहिले दोन आदल्या रात्रीच भरायचे. काठी पाहायला जाताना काका तुम्ही सोबत हवे, पोराला एकट्याला धाडू नका. कोण किती वेळा जिंकलं ते मला कळवा.

प्रश्न : बाई मी चौथीत आहे. मला ऑनलाइन साहस करायचं आहे पण रॉकेटचं नको. आमच्या गावातलं पाहिजे.
– एक मुलगी, गुहागर

उत्तर : अगं, तुझ्या गावासारखं साहस कोणाच्या गावात आहे? ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली एका ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायावर नंबराची धातूची पट्टी लावली होती. तीच कासवीण जानेवारी २०२५मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. नंबरावरून ओळखली.

ती कुठून आली असेल? पट्टीवर फक्त नंबर असतो, वाट नसते. २०२३च्या फेब्रुवारीत मात्र तुमच्या किनाऱ्यावरून बागेश्री आणि गुहा या दोन कासविणींच्या पाठीवर यंत्र बसवून त्यांना सोडलं होतं. कासव श्वास घ्यायला वर आलं की ते यंत्र उपग्रहाला खबर देतं, पाण्याखाली असताना गप्प. त्या ठिपक्यांवरून कळलं की बागेश्री खाली दक्षिणेला गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

आता मोठ्या माणसाला सोबत घेऊन गूगल अर्थ हा पृथ्वीचा नकाशा उघड. त्यात अंतर मोजायची पट्टी आहे. ओडिशापासून गुहागरपर्यंत पाण्यातूनच यायचं, जमिनीला टेकायचं नाही. एक वाट श्रीलंकेला पुरता वळसा घालून, दुसरी रामेश्वरम आणि श्रीलंका यांच्यामधल्या उथळ पाण्यातून. कुठली किती जवळची, आणि आपली नंबरवाली कासवीण कुठल्या वाटेने आली असेल, हे मोजण्याआधी कागदावर लिही आणि खाली कारण लिही. मग मोज आणि दोन्ही मला पाठव. मी माझा अंदाज आत्ताच लिहून पाकीट चिकटवून ठेवलंय, तुझं पत्र आल्यावर फोडेन.