ट्रकने उडवलंय, दावा लावायचाय? आधी एवढं करा

दादा, राजस्थानच्या ट्रकने उडवलं, आता भरपाईसाठी तिकडे जावं लागेल का, असं विचारलंत. घाबरू नका. ट्रक राजस्थानचा असला तरी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात, अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो.

मुदत मात्र डोक्यात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अपघातापासून सहा महिने लिहिलेत. 'प्लास्टर निघाल्यावर बघू' म्हणत बसू नका.

आत्ता एवढंच करा:
- एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत पोलिसांकडून घ्या. ट्रकचा नंबर आणि विमा पॉलिसी तपासा.
- चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले (म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करा. पैसे बहुधा विमा कंपनीच देते.
- मेडिकलच्या बिलांची लगेच झेरॉक्स काढा. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते. माझी निम्मी बिलं कोर्टात कोरी निघाली!
- पगाराची स्लिप किंवा आयकर विवरणपत्र काढून ठेवा. बुडालेली कमाई ठरवताना ते कामी येतं.

नवखे हमखास फसतात ते दवाखान्यात. ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस गोड बोलून पन्नास हजार पुढे करतो आणि 'तक्रार नाही' असं लिहून घेतो. सही करू नका. वकिलांनी दिलेल्या कोऱ्या कागदावरही नको.

अपंगत्वाच्या टक्क्यांचं गणित नंतर बघू. अर्ज दाखल झाला की सांगा.