पोटाला मार लागला, कावीळ दहा दिवसांनी का?

प्रश्न : अपघातात मोटारसायकलचे हँडल माझ्या भावाच्या पोटावर आदळले. त्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये यकृताला किरकोळ इजा दिसली, बाकी काही नाही. दहा दिवसांनी पोट फुगले, डोळे पिवळे झाले. आता ड्रेनमधून (पोटात घातलेल्या नळीतून) रोज अर्धा लिटर पित्त येते. पित्तनलिका फाटली असेल तर लगेच ऑपरेशन का करत नाहीत? डॉक्टर आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेची तपासणी) करू म्हणतात.

उत्तर : ताजे पित्त बहुधा निर्जंतुक असते, त्यामुळे सुरुवातीला दुखणे, ताप बेताचाच असतो. ते पोटात साचते, तिथून रक्तात शोषले जाते आणि कावीळ दिसते. सीटीत पाणी दिसले तरी ते रक्त की पित्त, हे खात्रीने कळत नाही. ड्रेनच्या पाण्यातले बिलिरुबिन (पित्तातले पिवळे द्रव्य) रक्ताच्या तिप्पट किंवा जास्त निघाले, तर गळती पित्ताचीच.

आता खरा प्रश्न : फाटले कुठे आणि किती? मुख्य नलिका स्वादुपिंडात शिरते तिथे जखडलेली असते. धक्क्याने यकृत वर सरकले की ती बहुतेक तिथेच तुटते. एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) नकाशा देते. ईआरसीपीत गळती दिसते आणि तेव्हाच स्टेंटही (नलिकेत ठेवायची बारीक नळी) घालता येतो. पित्ताला आतड्याकडची वाट सोपी झाली की यकृतातल्या फांदीची किंवा नलिकेची अर्धवट चीर बरेचदा आपोआप भरते. स्टेंट साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हे आधीच विचारून ठेवा.

ईआरसीपीत नलिकेत सोडलेला डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) मध्येच थांबला आणि वरच्या नलिका भरल्याच नाहीत, तर नलिका पूर्ण तुटली असण्याची शक्यता मोठी. मग ऑपरेशन लागतेच. दोन टोके नुसती जोडणे मोहाचे वाटते, पण नलिकेच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मारात तुटलेल्या असतात, वर टाक्यांवर ताण येतो. जोड पुढे आकसतो. म्हणून लहान आतड्याचा ४० ते ६० सेंटिमीटरचा फाटा वर आणून निरोगी नलिकेला विरघळणाऱ्या बारीक टाक्यांनी जोडतात. पहिल्याच दिवशी पोट उघडलेले असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर हे तेव्हाही करता येते. दहाव्या दिवशी मात्र पित्तात भिजून सुजलेल्या भागात टाका धरत नाही. ड्रेन चालू ठेवून काही आठवडे थांबणेच शहाणपणाचे.

तोवर ड्रेनचे रोजचे माप लिहा. तेवढे पाणी आणि क्षार भरून काढावे लागतात. व्हिटॅमिन के आणि रक्त गोठण्याची तपासणी याबद्दलही विचारा, कारण पित्त आतड्यात पोचत नाही. ड्रेन अचानक बंद होऊन ताप आला, तर जखम भरली असे समजू नका. नळी तुंबली असेल. जोड झाल्यावरही काही वर्षे रक्तातले अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताची वाट अडली की वाढणारे एन्झाइम) तपासत राहा. ते चढले किंवा थंडी वाजून ताप आला, तर जोड आकसत असल्याची शंका घेऊन तपासणी करून घ्या.