मास कम्युनिकेशनला शिष्यवृत्ती मिळते का?

बार्शीच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी कला शाखेतून ८४ टक्क्यांनी पास झाली आणि पुण्यात बीए मास कम्युनिकेशनच्या पहिल्या वर्षाला लागली. प्रवर्ग खुला, घरचं उत्पन्न वर्षाला पावणेतीन लाख. नातेवाईक म्हणतात, शिष्यवृत्त्या इंजिनिअरिंगवाल्यांना, पत्रकारितेला कोण देतं? शिवाय मुलीला लघुपट, लेखन अशा स्पर्धांत उतरायचंय. अभ्यासाचं नुकसान होईल का, ही आईची काळजी.

ताई, नातेवाइकांचं ऐकून यंदाचा अर्ज चुकवू नका. नुसती पत्रकारितेची शिष्यवृत्ती शोधत बसलात तर फार थोडं हाती लागेल. खरा आधार सर्वसाधारण योजनांचा आहे.

पहिली केंद्र सरकारची, पीएम-यूएसपी नावाची, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची. पदवीला वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख, आणि बारावीला ८० पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं. हे ८० टक्के नव्हेत. बोर्डात आपल्या शाखेतल्या वरच्या २० टक्के मुलांत नाव हवं. निम्म्या जागा मुलींसाठी असतात. नवा अर्ज पहिल्याच वर्षी करता येतो, म्हणून मी घाई करायला सांगतेय.

दुसरी राज्याची, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. मर्यादा आठ लाख. इथे आधी एक बघा: अर्ज भरताना यादीत तिच्या कॉलेजपुढे तिचा कोर्स दिसतो का? विनाअनुदानित तुकडी असेल तर ऑफिसात जाऊन स्पष्ट विचारा. दोन्ही योजनांचा लाभ एकत्र घेता येत नाही, तेव्हा फी किती वाचते ते मांडून जी जास्त फायद्याची ती घ्या.

अर्ज अडकतात ते बहुतेक कागदांवरून. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. खातं मुलीच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं; दोन बँकांत खाती असतील तर पैसे कुठल्या खात्यात येणार ते बँकेत विचारून घ्या. अर्ज सबमिट केला म्हणजे संपलं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, त्रुटी असली तर परत येतो, आणि मुलांना ते मुदत संपल्यावर कळतं. दर आठवड्याला स्टेटस बघायला सांगा. खर्चाला हातभार म्हणून विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना तिच्या कॉलेजात आहे का, तेही विचारा.

आता स्पर्धा. बक्षिसाची रक्कम घरखर्चात धरू नका, पण तिला अडवूही नका. या क्षेत्रात पुढे गुणपत्रिकेइतकंच केलेलं काम बघतात. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात विद्यार्थ्यांच्या लघुपटांचा 'ला सिनेफ' विभाग असतो. २०२४ मध्ये त्यातलं पहिलं पारितोषिक पुण्याच्याच एफटीआयआय या चित्रपट संस्थेच्या विद्यार्थ्याने मिळवलं. तिने लगेच तिथवर पोचावं असं नाही. दिवाळीच्या सुट्टीत बार्शीच्या बाजार समितीतल्या हमालांवर मोबाइलने पाच मिनिटांचा माहितीपट करू दे. आवाज नीट टिपायला शिकली तरी पुष्कळ झालं.

फक्त हजेरी सांभाळायला सांगा. केंद्राची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू ठेवायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. शूटिंग शनिवार-रविवारी.